बिननावाची अळी

२००३ साली केनियाच्या किनारपट्टीवर टांगलेल्या सापळ्यांत एक अनोळखी माशी मिळाली. नैरोबीच्या 'इसिपे' या कीटकविज्ञान संस्थेची माणसं तेव्हा आफ्रिकेतल्या फळमाश्यांची पाहणी करत होती. तिथल्या आंब्याला छळणारी माशी त्यांच्या चांगली परिचयाची होती. सेराटायटिस कोसायरा तिचं नाव, आणि पंखांवर पिवळसर पट्टे ही तिची खूण. ही नवी माशी तशी नव्हती. हिचे पंख काचेसारखे स्वच्छ, फक्त वरच्या कडेला काळी रेघ. पाठीवर दोन पिवळ्या पट्ट्या, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. दुरून पाहिलं तर लहानशी गांधीलमाशीच वाटावी. पाहुणी आशियातून आली आहे, हे जाणकारांनी लगेच ओळखलं. आशियातली नेमकी कोण, हे ठरायला मात्र अकरा वर्षं लागली.

त्या अकरा वर्षांत ती माशी आफ्रिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पोचली. तिच्यामुळे काही देशांच्या फळांना परदेशी दारं बंद झाली. तिला एक नवं शास्त्रीय नाव मिळालं आणि पुढे ते पुसलंही गेलं. ही गोष्ट त्या नावाची आहे. पण ती माशीपासून सांगून भागत नाही, अळीपासून सांगावी लागते. कारण बंदरावर किंवा विमानतळावर फळांची पेटी फोडणाऱ्या तपासनिसाला माशी क्वचितच दिसते. त्याच्या सुरीखाली येते ती अळी, आणि अळीच्या अंगावर ना पट्टे असतात ना पंख.

*

फळमाशीची मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीत आपली सुईसारखी नळी खुपसून अंडी घालते. कोकणातले बागायतदार त्याला डंख म्हणतात. डंखाची जागा सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढीच असते, नजर तयार नसेल तर दिसतही नाही. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. अळ्या गर खात वाढतात, दोनदा कात टाकतात. तिसऱ्या अवस्थेतली अळी सेंटिमीटरभर लांब, शितासारखी पांढरट. तिला पाय नाहीत, डोळे नाहीत, डोकं म्हणावं असंही काही नाही. पुढचं टोक निमुळतं, मागचं बोथट. पूर्ण वाढ झाली की ती फळाबाहेर येते, अंगाची कमान करून तोंडाच्या आकड्यांनी शेपूट पकडते आणि एकदम सोडते. ताणलेली कमान सुटावी तशी ती उडते, मातीत शिरते आणि कोषात जाते.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. शाळेच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात भेटते तीही 'फळमाशी'च. थॉमस हंट मॉर्गन यांनी न्यूयॉर्कमध्ये दुधाच्या बाटल्यांत वाढवलेली ती ड्रॉसोफिला. ती आपल्या घरात पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांच्या जातीची. ती बहुतेक सडू लागलेल्या फळाकडे जाते. शेतकऱ्याला रडवणारी फळमाशी टेफ्रिटिडी या वेगळ्या कुळातली आणि ती चांगल्या, धडधाकट फळात अंडी घालते. दोघींचं नाव एक, घराणी वेगळी.

ही घराणी अळीच्या अंगावर वाचता येतात, पण वाचण्याआधी तिला तयार करावं लागतं. जिवंत अळी सरळ अल्कोहोलमध्ये टाकली तर ती काळी पडते. म्हणून आधी कढत पाण्यात, मग अल्कोहोलमध्ये. नंतर तिचे तुकडे करून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचे. मांस विरघळतं, उरते पारदर्शक कातडी आणि तोंडातले काळे आकडे. काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की त्या कोऱ्या अळीवर अक्षरं उमटू लागतात. पुढच्या बाजूला दोन श्वासरंध्रं हातपंख्यासारखी उलगडलेली असतात. त्या पंख्याच्या कडेला बारीक बोटं असतात, ती मोजायची. मागच्या टोकाला दोन चकत्या, प्रत्येक चकतीत तीन फटी. फळमाशीच्या फटी सरळ, जवळजवळ समांतर असतात. घरमाशीच्या अळीच्या फटी वळणावळणाच्या असतात. चिलटाच्या अळीची मागची रंध्रं देठासारख्या नळीवर असतात. आंब्याच्या कोयीतल्या भुंग्याच्या अळीला तर चक्क तपकिरी डोकं असतं. काकडी-कारल्याच्या फळमाशीच्या अळीला शेपटाकडे एक गडद आडवी रेघ असते, ती दिसली की काम सोपं होतं.

कुळ कळतं. पुष्कळदा प्रजातीही (जीनस) कळते. त्यापुढे मात्र अक्षरं धूसर होतात. जवळच्या नात्यातल्या दोन माश्यांच्या अळ्या शेजारी ठेवल्या तर पंख्याच्या बोटांची संख्या एकीची दुसरीत मिसळलेली असते. मग एकच वाट उरते, अळीला माशी होऊ द्यायची. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. कोषातून माशी बाहेर आल्यावरही तिला लगेच मारून चालत नाही. काही दिवस साखर-पाणी देऊन जगवावं लागतं, तेव्हा कुठे तिचे रंग पक्के होतात. तोवर बंदरात पेट्या कुजायच्या. आणि शीतपेटीतल्या प्रवासात अळी मेलेली असेल तर तीही वाट बंद.

*

हे ज्ञान निवांत जमलेलं नाही, ते संकटात जमलं. एप्रिल १९२९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळ भूमध्य सागरी फळमाशीच्या अळ्या ग्रेपफ्रूटमध्ये सापडल्या. बघता बघता वीस जिल्ह्यांत तिचा मागमूस लागला. रस्त्यांवर पहारे बसले, गाड्या थांबवून फळं तपासली गेली, बागा झोडपून काढल्या, फळं पुरली. सत्तर लाख डॉलरच्या आसपास खर्चून १९३० मध्ये ती माशी तिथून संपवण्यात आली. या धामधुमीत देशभरातून बाटल्याच्या बाटल्या अळ्या येऊ लागल्या आणि प्रत्येक बाटलीबरोबर एकच प्रश्न असे, हीच का ती? १९२९ मध्येच सी. टी. ग्रीन या कीटकशास्त्रज्ञाने फळमाश्यांच्या अळ्या कोणत्या खुणांवरून ओळखायच्या यावर निबंध लिहिला. १९४६ मध्ये व्हेनिया टॅरिस फिलिप्स यांनी या अळ्यांवर मोठा ग्रंथ दिला. १९९२ मध्ये इयन व्हाइट आणि मार्लीन एल्सन-हॅरिस यांचं जगभरातल्या उपद्रवी फळमाश्यांवरचं पुस्तक आलं. त्यातला अळ्यांचा भाग एल्सन-हॅरिस यांचा. बंदराबंदरांतल्या प्रयोगशाळांत ते पुस्तक टेबलावरून हललं नाही.

केनियात सापडली तिच्या घराण्याचा इतिहास याहून जुना आणि आपल्या जवळचा आहे. १७९४ मध्ये डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिशियस याने हिंदुस्थानातून आलेल्या एका माशीला 'फेरुजिनिया' म्हणजे गंजाच्या रंगाची असं नाव दिलं. तेच नाव त्याआधी दुसऱ्या एका माशीला देऊन झालं होतं, हे पुढे ध्यानात आलं. नामकरणाच्या नियमाप्रमाणे ते बाद ठरलं. मग १९१२ मध्ये फ्रीडरिश हेंडेल या ऑस्ट्रियन अभ्यासकाने तैवानहून आलेल्या नमुन्यांवरून एका माशीचं वर्णन केलं आणि तिला 'डॉर्सॅलिस' म्हटलं. आज जिला बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस म्हणतात ती हीच. नाव तैवानच्या नमुन्यावरून पडलं, पण माशी हिंदुस्थानातही तीच होती.

हेंडेलचा निबंध आला त्याच १९१२ साली बिहारमधल्या पुसा इथून दुसरी एक नोंद प्रसिद्ध झाली. तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेतल्या फ्रँक हॉलेट यांच्या शेजाऱ्याने डास पळवायला रुमालावर सिट्रोनेला तेल शिंपडलं होतं. डासांचं काय झालं ठाऊक नाही, पण फळमाश्या मात्र त्याच्याभोवती गोळा झाल्या, आणि त्या सगळ्या नर होत्या. हॉलेट यांनी त्या वासाचा पाठपुरावा केला आणि १९१५ मध्ये मिथाइल युजेनॉल हे रसायन पुढे आलं. आपल्या तुळशीतही ते असतं. त्या वासापुढे डॉर्सॅलिसचा नर अक्षरशः वेडा होतो. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावरून १९६० च्या दशकात ही माशी निव्वळ या वासात विष मिसळून संपवली गेली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आज कोकणातल्या आंब्याच्या झाडांवर लटकतो, त्याच्या पोटातला वास तोच.

पण या वासाने ओळखीचा गुंताही वाढवला. सापळ्यात एकाच चणीच्या, एकाच रंगाच्या माश्या ढिगाने येत आणि नीट पाहिल्यावर त्यांत बारीक फरक दिसत. कुणाची पंखाच्या कडेची रेघ रुंद, कुणाच्या मांडीवर काळा डाग, कुणाच्या मादीची अंडी घालायची सुई जरा लांब. ऑस्ट्रेलियातले रिचर्ड ड्रू आणि डेव्हिड हँकॉक यांनी आशियाभरच्या नमुन्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९४ मध्ये निर्णय दिला. ज्याला सगळे डॉर्सॅलिस समजत होते तो गोतावळा एक-दोघांचा नाही, त्यात ५२ जाती आहेत. त्यांतल्या ४० विज्ञानाला नव्या होत्या. मलेशिया-इंडोनेशियाकडची ती 'पपाये', फिलिपिन्समधली ती 'फिलिपिनेन्सिस', कमरखावर रमणारी ती 'कॅरॅम्बोले'. मूळ डॉर्सॅलिसचं राज्य त्यांच्या उत्तरेला उरलं.

काम प्रचंड होतं आणि त्यातल्या बहुतेक जाती आजही मान्य आहेत. अडचण इतकीच की पपाये, फिलिपिनेन्सिस आणि डॉर्सॅलिस यांच्यातला फरक मिलिमीटरच्या अंशांवर उभा होता, तोही प्रौढ माशीत. अळीत तर तेवढाही दिसत नव्हता.

*

कागदावरच्या या फरकाला लगेच पैशांची किंमत आली. ऑक्टोबर १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात केर्न्सजवळ नव्या नावाची पपाये सापडली. तिला हुसकून लावायला १९९९ उजाडलं आणि तीन कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. मे १९९६ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका उपनगरात भूमध्य सागरी फळमाशी मिळाली आणि त्या देशाचीही झोप उडाली. फळांवर जगणाऱ्या देशाला अळीची माशी होईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं.

न्यूझीलंडच्या कॅरेन आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वेगळी वाट दाखवली. अळीच्या अंगावर जे लिहिलेलं नाही ते तिच्या पेशीत लिहिलेलं आहे, ते वाचायचं. अळीच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा घ्यायचा, रासायनिक क्रियेने त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या, मग ठरावीक अक्षरांच्या जागीच कापणाऱ्या विकरांनी तो तोडायचा. प्रत्येक जातीत कापाच्या जागा वेगळ्या, म्हणून तुकड्यांच्या लांबीही वेगळ्या. जेलमध्ये त्या पट्ट्या उमटल्या की जात कळते. अंडं असो, अळी असो, कोष असो, मेलेली असो, फरक पडत नाही. आठवड्यांचं काम दिवसा-दोन दिवसांवर आलं.

२००३ मध्ये, म्हणजे केनियात ती माशी सापडली त्याच वर्षी, कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी ही कल्पना साऱ्या प्राणिसृष्टीला लावली. पेशीतल्या तंतुकणिकेच्या एका जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखा तो जुळवून पाहायचा. २००५ मध्ये आर्मस्ट्राँग आणि शेली बॉल यांनी सीमेवर सापडलेल्या किडींवर तो चालवून दाखवला. आता अळीला लपायला जागा उरली नाही असं वाटू लागलं.

मग डॉर्सॅलिसच्या गोतावळ्यावर तो बारकोड लावला गेला, आणि तिथे तो अडखळला. डॉर्सॅलिस, पपाये, फिलिपिनेन्सिस यांची अक्षरं एकमेकींत अशी मिसळलेली निघाली की कोणती कुणाची, सांगता येईना. कीटकशास्त्रज्ञांपुढे पेच पडला. जनुकाचा तुकडा फरक दाखवायला अपुरा पडतोय, की दाखवायला फरकच नाही?

*

केनियातली माशी या पेचातच जन्मली म्हणायची. तिच्या पाठीचा रंग एकसारखा नव्हता. काहींची पाठ काळी, काहींची तांबूस, काहींची मधलीच. डॉर्सॅलिसच्या पुस्तकी वर्णनात हे बसत नव्हतं. तशाच माश्या श्रीलंकेतल्या संग्रहात आढळल्या. २००५ मध्ये ड्रू, त्सुरुता आणि व्हाइट यांनी तिला नवी जात ठरवून नाव दिलं 'बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स', म्हणजे आक्रमण करणारी. पुढे दक्षिण भारतातूनही तिच्या नोंदी झाल्या.

नाव तिने सार्थ केलं. टांझानिया, युगांडा, सुदान, नायजेरिया, बेनिन असं करत काही वर्षांत ती खंडाच्या पश्चिम टोकापर्यंत गेली. आंब्याच्या जुन्या स्थानिक माशीला तिने कित्येक ठिकाणी मागे सारलं. २००८ मध्ये अमेरिकेने अनेक आफ्रिकी देशांच्या फळभाज्यांवर तिच्या नावाने निर्बंध घातले.

इथे नावाचं वजन कळतं. डॉर्सॅलिसवर जगात शंभर वर्षांचं काम झालेलं होतं. कोणत्या तापमानात, किती मिनिटांत तिची अळी मरते, कोणती प्रक्रिया केली की फळ निर्धोक मानावं, याचे तक्ते तयार होते आणि देशांनी ते मान्य केलेले होते. इन्व्हेडन्स या नव्या नावापुढे ती सगळी पानं कोरी झाली. नवी जात, म्हणून नवे प्रयोग, नवे करार, तोवर दार बंद. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या दोन अळ्यांत काहीही फरक नव्हता. आंबा दोघींनीही तसाच कुजवला असता.

दुसरी अडचण वांझ नरांची. क्ष-किरणांनी किंवा गॅमा किरणांनी वांझ केलेले कोट्यवधी नर हवेत सोडायचे, रानातल्या माद्या त्यांच्याशी जुगतात आणि पुढची पिढीच होत नाही, हे तंत्र जगात रुळलेलं आहे. पण ते चालायचं तर रानातल्या मादीने त्या नराला आपला मानलं पाहिजे. तिच्या लेखी तो परका असेल तर कोट्यवधी माश्या वाया. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अन्न व कृषी संघटना यांनी २०१० मध्ये एक संयुक्त प्रकल्प हाती घेतला. हे दिसायला सारखे असलेले गोतावळे नेमके किती जातींचे आहेत, ते एकदाचं ठरवायचं.

प्रकल्पाची मांडणी चतुर होती. एकाच पुराव्यावर भिस्त ठेवायची नाही असं ठरलं. क्वीन्सलँडचे मार्क शुट्झ आणि अँथनी क्लार्क यांनी थायलंडपासून मलेशियापर्यंतच्या चिंचोळ्या पट्टीत ठिकठिकाणच्या माश्यांचे पंख मोजले. उत्तरेला डॉर्सॅलिस, दक्षिणेला पपाये, तर मध्ये कुठेतरी पंखाचा आकार एकदम बदलायला हवा होता. तसं झालं नाही. दर मुक्कामाला थोडा थोडा बदलत तो उत्तरेतून दक्षिणेत विरघळला. भाषेचंही असंच असतं. सावंतवाडीहून पणजीला जाताना मराठी नक्की कोणत्या वळणावर कोकणी झाली, हे बसमधल्या प्रवाशाला सांगता येत नाही.

ग्रीसमध्ये अँटिगोनी झाखारोपूलू यांच्या गटाने अळीकडे मोर्चा वळवला, पण तिच्या फटींकडे नाही, तिच्या लाळेच्या ग्रंथींकडे. माशीच्या अळीच्या लालाग्रंथीत गुणसूत्रं विभक्त न होता पुन्हा पुन्हा दुप्पट होत राहतात आणि जाड दोरखंडासारखी बनतात. त्यांच्यावर गडद-फिकट आडवे पट्टे उठतात. दोन जाती वेगळ्या असतील तर कुठेतरी एखादा पट्ट्यांचा गट उलटा फिरलेला किंवा जागा बदललेला दिसतो. इथे पट्ट्यामागून पट्टा जुळत गेला. जिला बाहेरून वाचता येत नव्हतं, त्या अळीने आतून साक्ष दिली, आणि ती साक्ष एकीच्या बाजूने होती.

उरली होती ती सगळ्यांत मोठी साक्षीदार, माशी स्वतः. व्हिएन्नाजवळच्या झायबर्सडॉर्फ इथे अणुऊर्जा संस्थेची प्रयोगशाळा आहे. ज्या शहराच्या हेंडेलने शंभर वर्षांपूर्वी तैवानची माशी टाचणीवर पाहून तिला नाव दिलं, त्याच्या शेजारीच आता तिच्या सोयरिकी जुळवून पाहिल्या जाऊ लागल्या. मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात कुंडीतलं झाड ठेवायचं आणि निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या नावांच्या नर-माद्या सोडायच्या. कोण कुठली हे कळावं म्हणून त्यांना खुणा केलेल्या असत. या माश्या जुगतात तिन्हीसांजेला. उजेड कमी होऊ लागला की अभ्यासक पिंजऱ्यापाशी बसत आणि जमलेली प्रत्येक जोडी उचलून नोंदवत. डॉर्सॅलिस, पपाये, फिलिपिनेन्सिस या नावांना माद्यांनी काडीची किंमत दिली नाही. पुढे आफ्रिकेच्या इन्व्हेडन्सलाही आशियाई डॉर्सॅलिसने आपलंच मानलं. त्यांची पिल्लं निरोगी निघाली, आणि त्यांनाही पिल्लं झाली.

एकटी कॅरॅम्बोले वेगळी वागली. ती बहुतेक वेळा आपल्याच जातीत जुगली. तिच्या नराचा गंधही निराळा निघाला. मिथाइल युजेनॉल खाल्ल्यावर डॉर्सॅलिसचा नर त्यापासून दोन सुगंधी द्रव्यं बनवतो, कॅरॅम्बोलेचा नर एकच. तिच्या डीएनएमधल्या एका भागाची लांबीही इतरांपेक्षा चाळीसेक अक्षरांनी वेगळी भरते. म्हणजे परीक्षा सैल होती म्हणून सगळ्या पास झाल्या, असं म्हणायची सोय नाही. जिथे फरक होता तिथे तो पंखात, जनुकात, गंधात आणि सोयरिकीत एकदमच दिसला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये वीस देशांतल्या सुमारे पन्नास संशोधकांनी मिळून निकाल जाहीर केला. पपाये, फिलिपिनेन्सिस, इन्व्हेडन्स ही नावं रद्द, सगळ्या डॉर्सॅलिस. हवाई बेटांवर महायुद्धाच्या अखेरीस उतरली ती, केर्न्समधून हुसकली ती आणि मोम्बासाकडून आफ्रिकेत शिरली ती, माशी एकच होती.

वाद तिथे संपला नाही. ज्यांनी ती नावं दिली होती त्या ड्रू यांनी मेरिडिथ रोमिग यांच्यासह २०१६ च्या आपल्या पुस्तकात इन्व्हेडन्सला पुन्हा स्वतंत्र जात म्हटलं. आयुष्यभर हजारो माश्या पाहिलेल्या डोळ्यांचा तो कौल होता, आणि असे डोळे सहजी तयार होत नाहीत. त्यावर २०१७ मध्ये शुट्झ आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की अधिकारी व्यक्तीचं मत आणि तपासून पाहता येणारा पुरावा यांत पुराव्याकडे जावं लागेल. जगाने तेच मानलं. डोळ्यांना दिसलेले फरक खोटे नव्हते. काळी पाठ, तांबूस पाठ, लांब सुई, आखूड सुई, सगळं होतं. पण त्या फरकांना माद्या मोजत नव्हत्या.

*

२०१४ चं साल आंब्यासाठी आपल्याकडेही लक्षात राहिलं आहे. आदल्या वर्षी युरोपात पोचलेल्या भारतीय फळ-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाश्या आणि इतर किडी आढळल्या. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि चार भाज्यांवर बंदी घातली. ऐन हापूसच्या हंगामात लंडन-लेस्टरची गिऱ्हाइकं तुटली. वाशीच्या बाजारात परदेशी जायच्या पेट्या आतच जिरवाव्या लागल्या.

इथे ओळखीची दुसरी तऱ्हा दिसते. कोकणातल्या आंब्यात डॉर्सॅलिस असेल, किंवा झोनाटा, करेक्टा या तिच्या नात्यातल्या जाती असतील. युरोपच्या दारावरच्या माणसाला ते ठरवायची गरज नव्हती. त्यांच्या नियमात 'युरोपबाहेरच्या फळमाश्या' असं अख्खं कुळच नाव घेऊन बाहेर ठेवलेलं होतं. चकतीत तीन सरळ फटी दिसल्या की खेप परत. एकीकडे पन्नास संशोधक एका माशीचं नाव ठरवायला धडपडत होते, त्याच उन्हाळ्यात हापूसची वाट कुळाच्या नावावरच अडली होती. पहारेकऱ्याला कुळ पुरतं. माशी हुसकणाऱ्याला, वांझ नर सोडणाऱ्याला आणि ती कुठून आली याचा माग काढणाऱ्याला जात लागते. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या व्हॅलेरी बाल्मेस आणि राफाएल मूते यांनी युरोपात नेहमी सापडणाऱ्या अळ्यांसाठी सोपी कुंजी तयार केली. डीएनए आला म्हणून फटी मोजणं काही बंद झालं नाही.

आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. ती उठण्यामागे अळी मारायची व्यवस्था होती. युरोपासाठी आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवतात. जपानने १९८६ मध्ये फळमाशीपायी बंद केलेलं दार २००६ मध्ये उघडलं, ते फळाचा गाभा उष्ण वाफेत ४७.५ अंशांवर वीस मिनिटं राखायच्या अटीवर. अमेरिकेने २००७ मध्ये वेगळी अट घातली, गॅमा किरण. लासलगावच्या केंद्रात त्यासाठी आंब्याच्या पेट्यांना ४०० ग्रेची मात्रा मिळते.

त्या मात्रेने अळी लगेच मरतेच असं नाही. पेटी फोडली तर ती गरात वळवळताना सापडू शकते. पण तिची पुढे माशी होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या चकतीत त्याच तीन फटी दिसतात. बारकोड लावला तर अक्षरं बिनचूक जुळतात आणि नाव येतं बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. एवढ्या वादांतून तावून निघालेलं हे नाव आता पक्कं आहे. ती अळी धोक्याची आहे की नाही, हे मात्र ना फटी सांगतात ना जनुकं. अमेरिकेच्या विमानतळावरचा तपासनीस त्यासाठी पेटीसोबत आलेला लासलगावचा दाखला वाचतो.